पप्पाचा भुरका

आई-बापावर लिहितो म्हणल्यावर तुम्ही रुमाल काढून बसला असाल. ठेवा तो खिशात. त्यात पोरगा जालना जिल्ह्यातला, म्हणजे पहिल्या पानावर भेगा पडलेलं रान येणार, दुसऱ्या पानावर भेगा पडलेल्या टाचा येणार, अन् शेवटाला पोरगं फोटोला हार घालून हुंदका देणार, असं तुमचं ठरून गेलं असंल. तर आधीच सांगून टाकतो. आमच्या जाफराबादच्या घरात नळाला पाणी येतं, चौथ्या दिवशी का व्हईना. टाचेला मलम आहे. अन् हार घालायला फोटोच न्हाई, कारण दोघंबी ठणठणीत आहेत आणि हे वाचून मला अजून एकदा झापणार आहेत. ही गोष्ट एका भुरक्याची आहे. आमटी ओरपताना तोंडाचा जो आवाज निघतो ना, तो भुरका. माझ्या आज्जीचे डोळे त्या भुरक्यावर टांगलेले होते.

आधी माझा रोग सांगतो. मला आवाज लागतात, लोकांना सर्दी लागती तसे. कोणाचाबी आवाज दोनदा ऐकला की तिसऱ्यांदा माझ्या तोंडातून निघतो. आठवीत असताना वर्गाच्या खिडकीबाहेरून हेडमास्तरच्या आवाजात 'आज अर्ध्या दिवसाची सुट्टी' असं म्हणलो, तर दोन वर्ग दप्तरं घेऊन फाटकापर्यंत पोचले, अन् त्यांच्यात एक मास्तरबी होते. बसस्टँडवरचा कंट्रोलर, भंगार घेणारा, पप्पाच्या दुकानाशेजारचे वेल्डिंगवाले चाचा, सगळे माझ्या गळ्यात राहतात. चाचा तर मला म्हणतात, "बेटा, मेरे आवाज में मेरे घर फोन मत करना, बस."

पप्पाचा आवाज शिकायला मला लई टाइम लागला. कारण माणूस बोलतच न्हाई. पप्पा दिवसभरात जेवढं बोलतात तेवढं मम्मी कुकरच्या एका शिट्टीत बोलून घेती. पप्पाचं दुकान मोटारी भरायचं आहे. म्हणजे विहिरीतली, बोअरमधली पाण्याची मोटार जळाली की आतली जळकी तार ओढून काढायची अन् नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजून भरायची, त्याला वायंडिंग म्हणतात. त्या मोजण्यामुळंच त्यांना गप राहायची सवय लागली असंल. मधी बोललं की वेढा चुकतो. मम्मी अंगणवाडीत. तिथं पस्तीस लेकरं, त्यांची वजनं, त्यांची खिचडी, अन् वरून ते सगळं मोबाइलमधी भरायचं. घरी धाकटी बहीण बारावीला, तिला भोकरदनच्या क्लासची पहिली गाडी पकडायची. अन् मी, डिप्लोमाच्या दोन विषयांत अडकलेला, म्हणजे तसा मोकळाच.

पप्पा पाचला उठतात. पाणी तापवतात, बहिणीला स्टँडवर सोडतात, येताना दूध आणतात. हे झालं आत्ताचं. त्याच्या आधीची दोन वर्षं ह्याच्या मधी अजून एक काम होतं. आजोबाला, म्हणजे पप्पाच्या वडलाला, अर्धांग झाल्तं. पप्पा त्यांना रोज खुर्चीवर बसवून न्हाऊ घालायचे. त्यांच्या कानामागचा साबण बोटानं काढायचे. मी एकदा म्हणलो, पप्पा, एक दिवसाआड घाला. ते म्हणले, "तू लहान होता तव्हा आम्ही एक दिवसाआड केलं का?" बस, एवढंच. तो त्यांचा त्या महिन्यातला सगळ्यात मोठा डायलॉग.

आजोबा गेले, अन् सहा महिन्यांत दुसरी बाजू सुरू झाली. मम्मीची आई आष्टीला एकटी राहायची. आष्टी म्हणजे आमच्या जिल्ह्याचं पार दुसरं टोक. मामा पुण्याला कंपनीत, दीड खोलीत चार माणसं. तो रोज फोन करायचा, त्याच्याकडून तेवढंच व्हायचं, अन् तेवढं तो बराबर करायचा. मंग मम्मीनं शनिवार धरला. अंगणवाडी सुटली की जाफराबादहून जालना, जालन्याहून परतूर, परतूरहून जीपनं आष्टी. रात्रभर आईजवळ, तिच्या गोळ्यांचं पाकीट तपासायचं, आठवड्याची भाजी निवडून ठेवायची, डबे भरायचे, अन् रविवारी परत तीन गाड्या. वर्षभर. एक शनिवार चुकवला न्हाई. परत आली की साडी न बदलता कुकर लावायची अन् आम्हाला विचारायची, माझ्या माघारी काय काय खाल्लं. मी कंडक्टरच्या आवाजात म्हणायचो, "चला, आष्टीवाले उतरून घ्या." ती हसायची, पण बसून हसायची. उभं राहून हसायची तिची ताकत संपून गेल्ती.

एका रविवारी ती आली अन् न्हाणीत गेली, तर तिथं भिंतीला पाइप बसवलेला. हाताला धरायचा, जाड, लोखंडी, चाचानं वेल्डिंग करून दिलेला. आतल्या खोलीत खाट टाकलेली. अन् खाटेपासून न्हाणीपर्यंत, कमरेएवढ्या उंचीवर, भिंतीला खिळे ठोकून एक पिवळी नायलॉनची दोरी ओढलेली. बोअरमधी मोटार सोडायला वापरतात ना, तीच. शंभर-सव्वाशे किलोची मोटार त्या दोरीला लटकती. मम्मी बघतच राह्यली. पप्पा जेवून राह्यले होते, ते म्हणले, "त्यांना बराबर दिसत न्हाई म्हणती ना तू. दोरी धरून जातील आपलं आपलं. मला हाक मारायला लाजतील."

आज्जीला आणायचं असं आमच्या घरात कोणी कोणाला म्हणलंच न्हाई. दोरी बांधली अन् झालं.

आता आज्जी आली, पण एक अडचण सोबत घेऊन आली. आमच्याकडं सासू जावयासमोर तोंड उघडत न्हाई. जावई दिसला की डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, अन् आवाज बंद. आता नव्या सासवा जावयासोबत सेल्फी काढून स्टेटसला ठेवतात, पण आमची आज्जी जुन्या कंपनीची. अन् पप्पा तर बायकोच्या आईशी काय, बायकोशीबी मोजून बोलणारे. दोघंबी एकाच घरात, मधी एक पडदा, अन् सरळ एक शब्द न्हाई. मम्मी दिवसभर अंगणवाडीत. मंग निरोप कोण नेणार?

तुमच्या बराबर लक्षात आलं.

पप्पा दुपारी जेवायला आले की पडद्याच्या ह्या बाजूनं मला हळूच म्हणायचे, मामींना विचार, गोळी घेतली का. सासूला ते मामी म्हणतात. मी पडदा सरकवून पप्पाच्या घोगऱ्या आवाजात म्हणायचो, "मामी, गोळी घ्या हां. न्हाईतर वायंडिंग जळंल." आज्जी पदरात हसायची अन् मला सांगायची, त्यांना म्हणावं घेतली बाबा. मंग मी कमरेवर हात ठेवून, आज्जीचा कापरा आवाज काढून पप्पाला, "घेतली बाप्पा, कडू व्हती लई." पप्पा खाली मान घालून जेवायचे, पण त्यांचे कान हलायचे. ते हसले की त्यांचे कान हलतात.

अन् मी निरोपात फोडणी घालायला लागलो. म्हणजे खोटं न्हाई, नुसती फोडणी. आज्जीला बसवत न्हाई नुसतं. डोळ्यात मोतीबिंदू, ताटातली भाकरी अन् ताट दोन्ही तिला एकच दिसायचं, तरी ती वासावर येसर भाजायची. येसर म्हणजे धान्य अन् मसाला खरपूस भाजून केलेलं पीठ, त्याची आमटी व्हती झणझणीत. पहिल्यांदा केली तव्हा पप्पाला विचारायला मला पाठवलं, कशी झाली. पप्पा म्हणले, "चांगली आहे." आता हे काय सांगायचं? मी पडद्याआड जाऊन पप्पाच्या आवाजात म्हणलो, "मामी, असं येसर मी जल्मात खाल्लं न्हाई. रोज असलं तरी चालंल."

ते रोज झालं. पप्पाला पित्ताचा त्रास आहे, हे मला माहीत होतं. आठ महिने त्या माणसानं दुपारी येसरची आमटी खाल्ली, अन् दुकानात जाऊन पित्ताची गोळी. एक शब्द न्हाई. उलट असा भुरका मारायचे की पडद्याच्या पलीकडं आज्जी मान डोलवायची. तिला पप्पा कधी दिसलेच न्हाईत बराबर. तिच्यासाठी जावई म्हणजे चपलेचा आवाज, भुरका, अन् मी काढलेला घोगरा आवाज. खरा आवाज तिनं पडद्यामागून ऐकलेला, बहिणीला हाक मारताना, नाहीतर फोनवर गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हणताना.

डोळ्याच्या डॉक्टरनं जालन्याला सांगितलं, मोतीबिंदू पार पिकला आहे. आता अजून थांबलात तर आतला दाब वाढंल, मंग ऑपरेशन करूनबी नजर यायची न्हाई. मम्मीनं गुरुवार ठरवला. आज्जीला मनवायला तिला दोन महिने लागले होते. आज्जीचं म्हणणं, आता काय बघायचं राह्यलं मला. मम्मी रोज भाकरी थापता थापता तेच काढायची. एक दिवस म्हणली, "माय, तुझ्या नातीची वेणी तू घालती ना, ती वाकडी व्हती. ती तशीच क्लासला जाती, तुला वाईट वाटू नये म्हणून." आज्जी त्या संध्याकाळी हो म्हणली. मम्मीचं हे असं आहे. पस्तीस लेकरांना खिचडी खाऊ घालणाऱ्या बाईला एक म्हातारी मनवणं अवघड न्हाई, असं ती म्हणती. पण मी बघितलं, हो मिळाल्यावर ती मोरीत जाऊन तोंड धुऊन आली, अन् तोंड आधीच धुतलेलं होतं.

आता माझा पराक्रम.

गुरुवारच्या आधीच्या रविवारी माझे दोन मित्र आले. आम्ही गच्चीवर बसलो. पप्पा टाकी बघायला वर येऊन गेल्ते, मंग खाली उतरून दुकानात गेले. मित्रांनी माझ्याकडून हेडमास्तर करून घेतला, कंट्रोलर करून घेतला, मंग म्हणले, तुझ्या बापाचा काढ. आता पप्पाचा आवाज काढून बोलायचं काय? 'उद्या या' एवढ्यावर किती हसणार? मंग मी डायलॉग बनवले. सगळ्या जगाचे जावई जसे बोलतात तसे. घोगरा आवाज लावला अन् सुरू झालो, "आष्टीची गाडी बंद पडली का काय? म्हातारी हलून न्हाई राह्यली. डोळे आम्ही करून द्यायचे, अन् बघायचं पुण्याच्या लेकाकडं. एकाला न्हाऊ घालून सुटलो म्हणलं, तर दुसरी येऊन बसली."

मित्र लोळले. परत म्हण म्हणले. मी परत म्हणलो.

जिन्याखाली सावलीत आज्जी लसूण सोलत बसल्ती, हे मला माहीत नव्हतं. पप्पाच्या चपला वर जाताना तिनं ऐकल्या होत्या. मधी तिला डुलकी लागली, त्यामुळं त्या चपला खाली आल्या हे तिनं ऐकलं न्हाई.

सोमवारी सकाळी मम्मी मला म्हणली, "माय दोरी धरून न्हाई राह्यली." मी बघितलं, खरंच. आज्जी न्हाणीकडं जाऊन राह्यली होती, पण दोरी सोडून, भिंत चाचपत. एकदा दाराच्या चौकटीला डोकं लागलं. तरी दोरीला हात न्हाई. दुपारी येसरबी न्हाई. संध्याकाळी तिची कापडी पिशवी खाटेवर आली. मम्मीला म्हणली, मला आष्टीला सोड, डोळ्याचं राहू दे. मम्मीनं विचारलं, भेव वाटतं का? न्हाई. कोणी काही बोललं का? बिलकुल न्हाई, मला मह्या घराची आठवण आली. मम्मीनं झोपताना पिशवी खाटेखाली सरकवली, मंगळवारी सकाळी बघती तर पिशवी परत वर. मी तिचं तोंड बघितलं. ती मनात परत गाड्या मोजून राह्यली होती. जालना, परतूर, आष्टी. अन् ह्यावेळी तिकडं आंधळी आई.

मंगळवारी दुपारीच आज्जीनं मला जवळ बोलावलं. डोक्यावरून हात फिरवला अन् हळू आवाजात म्हणली, "तुझे आजोबा पडून व्हते तव्हा तुझ्या पप्पाला लई तरास झाला आसंल, न्हाई का रे? एकाला न्हाऊ घालून सुटले बिचारे. त्यांचं काई चुकलं न्हाई."

तो माझा डायलॉग होता. मी गच्चीवर बनवलेला, दोनदा म्हणलेला.

मी पळत अंगणवाडीत गेलो. मम्मी लेकरांची वजनं घेऊन राह्यली होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती काट्याचं माप फेकून मारंल. तिनं हातातल्या लेकराला काट्यावरून उतरवलं, त्याचं वजन मोबाइलमधी भरलं, मंग माझ्याकडं बघितलं. "जा, तिला सांग," म्हणली. "मी न्हाई सांगणार."

मी सांगितलं. आज्जी, तो मी होतो, पप्पा नव्हते, मी आवाज काढतो तुला माहीत आहे ना. आज्जीनं सगळं ऐकून घेतलं. मंग उशाखालची पुडी काढून शेंगदाणे-गूळ माझ्या हातावर ठेवला. "बापासाठी खोटं बोलतो," म्हणली. "गुणाचं लेकरू हाय." मी म्हणलो, आज्जी, खरंच. ती म्हणली, खा. मी आवाज काढून दाखवला, तिथल्या तिथं. तर ती पडद्याकडं तोंड करून पदर ओढून बसली. तिला वाटलं पप्पा येऊन उभे राह्यले.

आयुष्यात पहिल्यांदा माझी नक्कल इतकी चांगली झाली होती, अन् पहिल्यांदा मला वाटलं, ही कला जळून जावी.

पप्पालाच सांगायला लावावं, असं मी मम्मीला म्हणलो. ती म्हणली, काय उपयोग? जावई सासूला तोंडावर थोडंच खरं सांगणार आहे. चांगलंच बोलंल. ते तिला माहीत आहे. मंग तिनं चूल पुसता पुसता थोडा विचार केला अन् मला म्हणली, उद्या दुपारी घरी थांब.

बुधवारी मम्मी अंगणवाडी मदतनीस बाईवर सोडून लवकर आली. तिनं स्वतः येसरची आमटी केली, आज्जीच्या डब्यातलं येसर घालून. पप्पा आले, हात-पाय धुतले. मी ऐकलं, मम्मी त्यांना एवढंच म्हणली, "आज जेवताना काहीबी ऐकू आलं, तरी भुरका थांबवायचा न्हाई. काहीबी." दुसरं कोणी असतं तर विचारलं असतं, कामून? पप्पानं विचारलं न्हाई. पंचवीस वर्षांत तिनं कामाशिवाय काही सांगितलं नसंल, असा हिशोब. पाट घेऊन बसले.

मम्मीनं पडदा पार बाजूला केला. आज्जीला खाटेवर बसवलं, पप्पाच्या समोर, चार हातांवर. आज्जीनं पदर ओढला. मम्मीनं मला तिच्याजवळ बसवलं अन् आज्जीचा हात उचलून माझ्या गळ्यावर ठेवला. बराबर घाटीवर. "माय, हात काढू नको," म्हणली. मंग पप्पाच्या वाटीत आमटी ओतली. पप्पानं पहिला भुरका मारला, नेहमीसारखा, पत्र्यावरून पाणी उतरावं तसा.

मम्मी मला म्हणली, "बोल. रविवारी बोलला ते."

मी म्हणलो, मम्मी, नको. ती म्हणली, बोल.

मी घोगरा आवाज लावला. आष्टीची गाडी बंद पडली का काय. समोरून भुरका. म्हातारी हलून न्हाई राह्यली. भुरका. आज्जीची बोटं माझ्या गळ्यावर हललेली मला कळली. डोळे आम्ही करून द्यायचे, अन् बघायचं पुण्याच्या लेकाकडं. भुरका. मम्मीनं वाटी परत भरली. राह्यलं ते शेवटचं. पप्पाकडं न बघता मी म्हणलो, एकाला न्हाऊ घालून सुटलो म्हणलं, तर दुसरी येऊन बसली.

भुरका आला न्हाई.

मी वर बघितलं. पप्पा वाटी तोंडाशी धरून बसले होते. ते माझ्याकडं बघून राह्यले होते. मारायला धावले असते तर बरं झालं असतं. मम्मी नुसती बघत होती. मंग पप्पानं वाटी तोंडाला लावली अन् भुरका मारला. मोठा. अन् अजून एक. सगळी वाटी संपवली. त्यांना माहीत नव्हतं हे काय चाललंय, कामून चाललंय. त्यांना फक्त सांगितलं होतं, थांबवायचा न्हाई.

आज्जीचा हात माझ्या गळ्यावरून खाली आला.

मम्मीनं तव्हा पप्पाला दोन वाक्यांत सगळं सांगितलं, रविवार, गच्ची, पिशवी. पप्पानं हात धुतला. टॉवेलला पुसला. मंग मला काही न म्हणता, मधी मला न घेता, सरळ आज्जीकडं बघून बोलले.

"मामी, दोन वर्षं मी त्यांना न्हाऊ घातलं. सुटलो असं एक दिवस वाटलं न्हाई. अजूनबी सकाळी पाणी तापवताना हात जास्तीचं पाणी टाकतो."

बस. एवढं बोलून ते चपला शोधायला लागले. आज्जी पदराआड होती, मला तिचं तोंड दिसलं न्हाई. तिनं सवयीनं माझा दंड धरला अन् म्हणली, "त्यांना विचार..." मंग थांबली. दंड सोडला. पदरातूनच, पण सरळ पप्पाला विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

"सातला, मामी," पप्पा म्हणले.

गुरुवारी चाचाच्या भावाची जीप केली. मम्मी अन् आज्जी मधल्या सीटवर, पप्पा पुढं, मी मागं पिशव्यांसोबत. देऊळगावच्या रस्त्यानं जाताना खड्डा आला की पप्पा मागं न बघता म्हणायचे, "मामी, खड्डा." अन् आज्जी म्हणायची, "हां." सगळा रस्ता एवढंच चाललं. मी बघत राह्यलो. आठ महिने मी जेवढे निरोप पोचवले ना, त्यातल्या एकातबी एवढं काही नव्हतं. ऑपरेशनच्या खोलीत नेताना मम्मीनं आईच्या बांगड्या काढून घेतल्या अन् स्वतःच्या हातात घातल्या, पडू नयेत म्हणून. मंग बाकावर बसून माझ्या बहिणीला फोन करून विचारलं, डबा खाल्ला का, गणिताचं काय झालं. एका हातात आईच्या बांगड्या, दुसऱ्या हातात पोरीचं गणित. पप्पा उभेच होते. दोन तास. बाक रिकामा होता.

पट्टी निघाली. काळा चष्मा आला. आज्जीला दिसायला लागलं, आधी हात, मंग खिडकी, मंग नातीची वेणी. पिवळी दोरी आठ दिवसांनी मोकळी झाली अन् बहिणीनं लगेच त्यावर मोजे वाळत घातले. ह्या आठ दिवसांत आज्जी मला एक शब्द वाकडा बोलली न्हाई. मम्मीबी न्हाई, पप्पाबी न्हाई. मला वाटलं, गेलं, विसरले.

त्या रविवारी सगळे घरात होते. आज्जीनं मला हाक मारली, "इकडं ये. असा उजेडात बस." मी बसलो. तिनं चष्मा वर करून माझं तोंड बघितलं, चांगलं न्याहाळून. मला वाटलं आता म्हणंल, वाळलं गं बाई लेकरू.

"आठ दिस थांबले मी," आज्जी म्हणली. "आवाजाला काय शिव्या द्यायच्या? तुझा आवाज कोणाचा निघंल नेम न्हाई. म्हणलं, तोंड दिसू दे." अन् सुरू झाली. लाज कशी वाटली न्हाई. ज्या माणसानं सासूसाठी भिंतीला दोरी बांधली त्याच्या तोंडात असले शब्द घालतो. मेलेल्या आजोबाला मधी ओढतो. तुझी माय वर्षभर गाड्यात लोंबकळत माझ्याकडं आली, तिला मी परत त्याच गाड्यात घालणार व्हते तुझ्यापायी. मित्राला हसवायचं तर स्वतःच्या तोंडानं हसव, बापाचं तोंड कशाला भाड्यानं घेतो.

मी खाली मान घातली. पण रोग तो रोग. मी हळूच घोगऱ्या आवाजात म्हणलो, "जाऊ द्या मामी, लेकरू आहे."

आज्जीनं मान वळवून पप्पाकडं बघितलं. पप्पाचं तोंड बंद होतं. कान हलून राह्यले होते.

"आता दिसतंय मला," आज्जी म्हणली.

तेवढ्यात धाकटीनं डाव साधला. म्हणली, आज्जी, येसरचंबी ह्यानंच केलं. पप्पानं नुसतं चांगली आहे म्हणलं होतं, ह्यानं रोज करायला लावलं. पप्पाला पित्त व्हतं, दुकानात गोळ्यांची डबी आहे.

आज्जीनं आधी माझ्याकडं बघितलं. मंग पदर डोक्यावर सारखा केला अन् पप्पाकडं वळली. "अन् तुम्ही हो? आठ महिने पित्तावर आमटी खाता, अन् एका शब्दानं सांगता येईना?"

पप्पा गडबडले. सवयीनं त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी काहीतरी पोचवून देईन म्हणून.

"त्याच्याकडं काय बघता?" आज्जी म्हणली. "तुमच्या तोंडानं सांगा. अन् तू रे, हे बोलून व्हईस्तोवर तोंड मिटून बस."